उंबरठ्याच्या आतील वाटणी

ठाण्याहून बाळकुमाच्या बाजूने निघून कशेळीची खाडी ओलांडली, की रस्त्याच्या दोन्ही अंगांस गोदामांच्या ओळी सुरू होतात, आणि त्या गोदामांच्या आडून, एके काळी जिथे भाताची खाचरे होती अशा जमिनीवर, पाच-सात मजल्यांच्या नव्या इमारती एकीला एक लागून उभ्या राहिलेल्या दिसतात. हे काल्हेर. आगरी-कोळ्यांच्या जुन्या वस्तीभोवती, ठाण्या-मुंबईत घर परवडत नाही अशा नोकरदारांची नवी वस्ती वाढत गेली, आणि त्या वस्तीच्या मागोमाग काचेच्या तंतूची तार आली. विजेच्या खांबावरून गच्चीकडे आणि एका गच्चीवरून दुसरीकडे लोंबत गेलेली ती काळी, सडपातळ केबल आज घराघरांच्या खिडक्यांतून आत शिरली आहे. एका खिडकीतून आत आलेला हा वेग घरातल्या तीन-चार संगणकांनी वाटून कसा घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञाच्या अखत्यारीतला वाटतो. परंतु मला तो न्यायाचा प्रश्न वाटतो, आणि घराचा कर्ता, इमारत बांधणारा विकासक, गृहनिर्माण संस्था आणि ग्रामपंचायत या चौघांनीही त्यातली आपापली जबाबदारी ओळखली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून येणारी ती सेवा एका वेळी एका संगणकाला जेमतेम पुरत असे. २००४ सालच्या धोरणाने २५६ केबीपीएस एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ ही संज्ञा बहाल केली. ही किमान मर्यादा २०२३ च्या जानेवारीत २ एमबीपीएसवर नेण्यात आली. आणि आज काल्हेरातला केबलवाला महिन्याच्या वर्गणीत १०० किंवा २०० एमबीपीएस देऊ करतो. या अवधीत घरही पालटले. २०२० च्या जूनमध्ये शाळा बंद राहून वर्ग पडद्यावर भरू लागले, त्याच सुमारास कचेऱ्याही घरी आल्या, आणि ज्या घरात एक संगणक ही प्रतिष्ठेची वस्तू होती तिथे दोन-तीन संगणक ही गरज होऊन बसली. भिवंडीच्या परिसरात या गरजेला आणखी एक अंग आहे. गोदामांच्या या प्रदेशात मालाची आवक-जावक नोंदवणे, साठ्याचे तक्ते जुळवणे, १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील आंतरराज्य मालाला सक्तीचे झालेले ई-वे बिल काढून ट्रकचालकाच्या मोबाइलवर धाडणे, ही कामे कित्येक लहान वाहतूकदार आणि त्यांचे कारकून आपल्या घरच्या संगणकावरूनच करतात. अशा घरात दुपारच्या वेळी एकाचे बिल, दुसऱ्याची बैठक आणि तिसरीचा वर्ग एकाच तारेवरून चालू असतो.

आता थोडे गणित मांडू. चित्रासह संभाषणाला तीन-चार एमबीपीएस पुरतात, चांगल्या प्रतीच्या चित्रपटाला पाच, आणि मोठ्या पडद्यावरच्या अतिसूक्ष्म चित्रालाही पंधरा ते पंचवीसच्या वर लागत नाहीत. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने सर्व काही एकदम सुरू केले तरी सगळी गोळाबेरीज पन्नासच्या आतबाहेर राहते, आणि शंभरांची तार अर्धी रिकामी उरली पाहिजे. तरीही संध्याकाळी ज्या घरात जावे तिथे ‘नेट स्लो आहे’ ही एकच तक्रार ऐकू येते, आणि तिच्यावर उपाय म्हणून केबलवाला दोनशेची किंवा तीनशेची योजना पुढे करतो. लोक पैसे भरतात. तक्रार तशीच राहते. उणीव तारेत असती तर हा उपाय लागू पडला असता. ती बहुशः तारेत नसते, उंबरठ्याच्या आत असते.

वस्तुतः घरापर्यंत येणारी ही तार स्वतःच एक अत्यंत शिस्तबद्ध वाटणी आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. ज्या पद्धतीने हे जाळे बहुधा उभारले जाते, तीत केंद्रातून निघालेला एकच काचेचा तंतू वाटेतल्या एका लहानशा पेटीत शिरतो, आणि तिथे विजेचा कसलाही आधार न घेता, निव्वळ काचेच्या रचनेने, त्यातला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांमध्ये विभागला जातो. उतरत्या दिशेने सुमारे २.५ जीबीपीएस आणि चढत्या दिशेने सुमारे १.२५ जीबीपीएस एवढा वेग त्या सर्वांचा सामाईक असतो. वरून आलेल्या प्रवाहातून प्रत्येक घरची पेटी आपल्यापुरते तेवढे उचलते. आणि वर काही पाठवायचे तर १२५ मायक्रोसेकंदांच्या चौकटीत जी पाळी तिला नेमून दिलेली असते, त्या पाळीतच तिला बोलता येते. चौसष्ट परक्या कुटुंबांमध्ये इतक्या काटेकोरपणे पाळला जाणारा हा करार, एका छताखाली राहणाऱ्या चार माणसांच्या बाबतीत मात्र दाराशीच संपतो, आणि आतल्या कारभाराला कसलाही नियम उरत नाही.

ही पेटी घरात कुठे बसते ते पाहण्यासारखे आहे. केबलवाल्याचा माणूस येतो, खिडकीला जवळात जवळची भिंत पाहतो, तिथे दोन खिळे ठोकून पेटी टांगतो, हिरव्या टोकाची तार तिच्यात खोवतो, लाल दिवा जाऊन हिरवा लागला की आपल्याच मोबाइलवर वेग मोजून दाखवतो आणि पुढच्या घराकडे निघतो. ती मोजणी पेटीपासून दोन हातांवर झालेली असते. पेटी ज्या खोलीत बसली ती खोली बहुधा बाहेरची असते, आणि तीत दूरचित्रवाणीचा संच असतो. अभ्यासाचे टेबल आतल्या खोलीत, आणि वन-बीएचके घर असले तर ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मोरीच्या भिंतीला टेकलेले. काल्हेरातल्या माझ्या परिचयाच्या एका घरात बारावीची मुलगी परीक्षेच्या अर्जासाठी लॅपटॉप घेऊन दिवाणखान्याच्या दारात जमिनीवर बसलेली मी पाहिली आहे, कारण तेवढ्या एका जागीच अर्ज पुढे सरकत होता. आत तिचे टेबल होते, दिवा होता, दार लावून घेता येण्याची सोय होती, फक्त वायफाय नव्हते. घरात कोणी तिच्यावर अन्याय करायचा म्हणून केला होता असे नाही. परंतु ज्याची निव्वळ करमणूक त्याला सर्वांत उत्तम वेग आणि जिची निकड तिला उरलासुरला, अशी व्यवस्था खिळा ठोकणाऱ्याच्या सोयीने लागून गेली होती, आणि ती तशीच वहिवाटीने चालू राहिली होती. आपल्याकडे आतल्या खोलीत कोण बसते आणि बाहेरच्या खोलीवर कोणाचा ताबा असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वाटणीचे लिंगही ओळखता येईल.

वायफायच्या अंगी काही स्वाभाविक मर्यादा आहेत, आणि त्या समजून घेतल्याशिवाय इलाज सापडत नाही. त्याच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी जाते, पण तिच्यात परस्परांना न भिडणारे मार्ग अवघे तीन, क्रमांक १, ६ आणि ११. आणि भिंतीला भिंत लागलेल्या इमारतीत त्या तिन्ही मार्गांवर वरची, खालची व शेजारची बिऱ्हाडे दाटीवाटीने बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झची लहर मोकळी व वेगवान खरी, पण काँक्रीटच्या एक-दोन भिंतींत तिचा जीव जातो. शिवाय एका मार्गावर एका क्षणी एकालाच बोलता येते. त्यामुळे दूरच्या खोलीतला जुना संगणक एकेक अक्षर सावकाश उच्चारत असला, तर तेवढा वेळ जवळच्या वेगवान संगणकालाही मुकाट्याने थांबावे लागते. सर्वांत दुबळ्याची अडचण अशा रीतीने अखेर सर्वांची अडचण होते. मधल्या भिंतीवर शे-पाचशे रुपयांचा ‘रिपीटर’ लावून हे दुखणे बरे होत नाही, कारण एकाच लहरीवर ऐकून पुन्हा तिच्यावरच सांगणारे ते यंत्र उपलब्ध वेळ निम्म्यावर आणते.

खरा इलाज जुना आणि साधा आहे: जो संगणक एका जागी बसलेला आहे त्याला तार द्यावी. ‘कॅट फाइव्ह-ई’ प्रतीची लॅन केबल शंभर मीटरपर्यंत १००० एमबीपीएस निर्वेधपणे वाहते, आणि काल्हेरातल्या कोणत्याही सदनिकेत टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस मीटरच्या वर तार लागत नाही. दूरचित्रवाणी, कामाचा संगणक व अभ्यासाचा संगणक एवढे तीन जरी तारेवर गेले, तरी हवेतला मार्ग मोबाइलांपुरता मोकळा होतो. मात्र ही तार नीट जोडलेली असली पाहिजे. एका घरात दोनशेची योजना असूनही आतल्या संगणकावर चौऱ्याण्णवच्या वर आकडा कधी जात नव्हता. कारण शोधता असे दिसले, की केबलमध्ये पिळलेल्या जोड्या चार, म्हणजे तारा आठ, आणि जोडणाऱ्याने त्यांतल्या चारच जॅकमध्ये दाबून उरलेल्या चार बाहेर तशाच दुमडून ठेवल्या होत्या. चार तारांवर शंभरच वाहू शकतात. हजारांसाठी आठही लागतात. पाच रुपयांचा नवा जॅक आणि दहा मिनिटांचे काम. जुन्या पेट्यांची छिद्रेही पुष्कळदा शंभरांपुरतीच असतात, आणि अशा पेटीवर दोनशेची वर्गणी भरणारा ग्राहक शंभरांचे पैसे दरमहा निष्कारण टाकत असतो. योजना विकताना ही गोष्ट ग्राहकाला सांगण्याचे बंधन पुरवठादारावर असले पाहिजे.

तार दिली, जोडण्या तपासल्या, तरी एक दुखणे उरते, आणि बैठकांना बसणाऱ्यांना तेच सर्वांत जास्त छळते. घरातला एखादा संगणक लग्नाचे छायाचित्रण वर चढवू लागला, की दुसऱ्या संगणकावरचा आवाज तुटतो, चेहरे गोठतात, आणि वेग मोजावा तर तो पुरेसा भरतो. ठाणे-भिवंडी रस्त्यावर कंटेनरची रांग लागली म्हणजे तीत सापडलेल्या रुग्णवाहिकेची जी गत होते, तीच इथे संभाषणाची होते: तिला जागा थोडीच लागते, पण ती वेळेवर लागते. पेटीच्या पोटात येणाऱ्या-जाणाऱ्या मजकुराचे तुकडे साठवण्याची जागा असते. स्मरणशक्ती स्वस्त झाल्याने निर्मात्यांनी ती नको इतकी वाढवून ठेवली, आणि छायाचित्रणाच्या हजारो तुकड्यांमागे आवाजाचा एवढासा तुकडा उभा राहू लागला. संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. अशा तुंबलेल्या रांगेत तो सहज अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे जातो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली या तुंबण्यावर एक उपाय प्रसिद्ध केला, आणि पुढे त्याच्या आधाराने अशी रीत सिद्ध झाली की प्रत्येक संवादाला स्वतंत्र रांग मिळावी, प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक तुकडा पुढे जावा, आणि जी रांग रेंगाळेल तिला वेळीच आवर घातला जावा. ‘एफक्यू-कोडेल’ या नावाने ही रीत २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत दाखल झाली. ती कोणाच्या मालकीची नाही. मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या राउटरात ती असते, आणि विकत घेतलेल्या वेगापेक्षा पाच-दहा टक्के कमी आकडा तिला सांगून ठेवला, की रांग पुरवठादाराच्या हद्दीत न तुंबता आपल्या राउटरात, आपल्या नियमाने चालते. पाच-दहा टक्के वेग सोडून देऊन सर्वांना वेळेवर मिळण्याची हमी घ्यावी, हा व्यवहार मला कोणत्याही मोठ्या योजनेपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. पुरवठादार जी पेटी फुकट म्हणून देतात, तीत ही सोय मूळचीच चालू करून देण्यात त्यांना कसलीही अडचण असू नये.

पत्त्यांची वाटणी मात्र सुदैवाने आपोआप होते. जुन्या पद्धतीचे इंटरनेट-पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ च्या फेब्रुवारीतच संपला. म्हणून घराला बाहेरून एक पत्ता मिळतो, आतल्या संगणकांना राउटर आपले खासगी क्रमांक देतो, आणि कोणाचे उत्तर कोणाकडे वळवायचे याची नोंद ठेवतो. टंचाई इतकी, की पुष्कळ पुरवठादार आता शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, आणि मग गोदामातला कॅमेरा घरून थेट पाहू इच्छिणाऱ्याला स्वतंत्र पत्त्यासाठी निराळे पैसे मोजावे लागतात. नव्या पद्धतीचे विपुल पत्ते उपलब्ध असताना ही वसुली चालू राहावी, याला माझ्या मते आता सबब उरलेली नाही.

उंबरठ्याबाहेरच्या वाटणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. काल्हेरात भाड्याच्या खोल्यांत राहणारी, गोदामांत काम करणारी तरुण मुले एका जोडणीचा पासवर्ड दोन-तीन खोल्यांत वाटून घेतात, वर्गणी काढतात आणि आपला खर्च भागवतात. घरगुती जोडणीच्या अटींत अशी वाटणी बहुधा बसत नाही, आणि त्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले तर चौकशीचा पहिला कागद ज्याच्या नावे जोडणी आहे त्याच्या दारी येतो, हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. मी या वाटणीला गुन्हा म्हणायला तयार नाही. गरिबांनी काटकसरीने काढलेली ती वाट आहे. परंतु तिला कायदेशीर रूप देण्याची तरतूद अस्तित्वात असताना ती कागदावर पडून राहावी, ही खेदाची गोष्ट आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ या योजनेला मान्यता दिली. तिच्यानुसार चहाच्या टपरीवाल्यापासून किराणा दुकानदारापर्यंत कोणालाही, परवाना वा शुल्क यांच्याशिवाय, आपल्या जोडणीवरून इतरांना वायफाय देता येते. वापरणाऱ्याची ओळख आणि नोंद ठेवण्याचे काम नोंदणीकृत संस्था करते. अडले होते ते दरांपाशी: अशा केंद्राने जोडणी मागितली की पुरवठादार व्यापारी दराने महागडी तार पुढे करीत. २०२५ च्या जूनमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आदेश काढून २०० एमबीपीएसपर्यंतच्या योजनांसाठी हा दर घरगुती दराच्या दुपटीच्या वर जाऊ नये असे बंधन घातले. म्हणजे आता पाच-सहा खोल्यांची एक चाळ, एक दुकानदार आणि दुप्पट वर्गणी एवढ्यावर हा व्यवहार उजळ माथ्याने होऊ शकतो. गावात हे समजावून सांगणारा माणूस हवा.

तो माणूस ग्रामपंचायतीने द्यावा. एका यंत्राचा लाभ अनेकांनी मिळून घेण्याचा संस्कार महाराष्ट्राला नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापून जो प्रयोग केला, त्यात गावातली वीसेक माणसे एका रेडिओभोवती जमून शेती-आरोग्याचे कार्यक्रम ऐकत आणि ऐकलेल्यावर तिथेच चर्चा करून आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्या प्रयोगाचे मोल रेडिओत जेवढे होते त्याहून अधिक त्याच्याभोवतीच्या मांडणीत होते: ठरलेली वेळ, नेमलेला निमंत्रक, प्रत्येकाला बोलण्याची पाळी. १९९८ साली वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावांना संगणकाच्या जाळ्यात गुंफण्याची योजना निघाली, तिच्याही मुळाशी शेतकऱ्याने स्वतःचा संगणक न घेता गावच्या केंद्रातला वापरावा हीच कल्पना होती. भारतनेटचा संकल्प ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याचा आहे. तार पंचायतीच्या कपाटापर्यंत आली आणि कपाटाला कुलूप राहिले, तर त्या खर्चाचा उपयोग काय? काल्हेरसारख्या, खेडेही न राहिलेल्या आणि शहरही न झालेल्या गावात पंचायतीने एक वाचनालय चालवावे, त्यात सहा-आठ संगणक तारेने जोडून ठेवावेत, आणि ज्यांच्या घरी टेबलही नाही त्या मुलांसाठी ते रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे, ही मागणी अवाजवी नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा या राज्यात १९६७ पासून आहे.

राहिला विकासकाचा भाग. इमारतीत पाण्याचा नळ, विजेची तार आणि सांडपाण्याचा नळा भिंतीतून न्यावा हे कोणाला सांगावे लागत नाही. पण प्रत्येक खोलीत लॅनच्या तारेसाठी एक रिकामी नळी सोडावी, जिन्याशेजारी फायबरसाठी उभा मार्ग ठेवावा, आणि मीटरच्या खोलीत दोन-तीन पुरवठादारांच्या पेट्यांना जागा राखावी, एवढी साधी गोष्ट आराखड्यात नसते. बांधकामाच्या वेळी नळी घालायला जो खर्च येतो तो नगण्य. नंतर भिंत फोडायला येतो तो मोठा, आणि भाडेकरूला तर भिंतीला हातही लावता येत नाही. इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयीवरून दर्जा देण्याचे विनियम नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केले आहेत, परंतु ते ऐच्छिक आहेत. भिवंडीभोवतालच्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे नियोजन प्राधिकरण आहे. नकाशा मंजूर करताना या तीन गोष्टी त्याने सक्तीच्या कराव्यात.

उभ्या असलेल्या इमारतींतील संस्थांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायच्या असतात. त्या सभेपुढे एक ठराव आणता येईल: गच्चीवरून लोंबणाऱ्या केबल एका नळीत घेऊन जिन्याने खाली उतरवाव्यात, नवी जोडणी देणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराने त्याच मार्गाने यावे, ज्या सभासदाला हवी असेल त्याच्या आतल्या खोलीपर्यंत आठ तारांची केबल संस्थेच्या ठरलेल्या दराने टाकून द्यावी, आणि जोडणी पूर्ण झाल्याची सही देण्यापूर्वी वेगाची मोजणी पेटीशेजारी न करता, घरात ज्या टेबलावर अभ्यास होतो त्या टेबलावर करून घ्यावी.